जोडीला कोण होतं

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. पण माझी मावशी दर मंगळवारी संध्याकाळी अजून त्याच टेबलाशी बसते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मावशी भाषा शिकवते. कामासाठी परक्या मुलखातून आलेल्या माणसांना आपली भाषा, ऑनलाइन. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. काका भांडी वाजवतात म्हणून स्वयंपाकघराचं दार बंद.

तासाच्या मध्यावर ती जोड्या पाडते. प्रत्येक जोडी स्क्रीनवर वेगळ्या खोलीत जाऊन आपसात बोलते. कोणी एकटं उरलं, की तिची मुलगी ठकी आतल्या खोलीतून मोबाइलवर जोडीला यायची. "फुकटची मास्तरीण," असं ती स्वतःलाच म्हणायची.

या वर्षी ठकी गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

काका म्हणाले, "वर्ग बंद कर आता." मावशीनं ऐकलं नाही. घर खायला उठायचं, निदान तेवढा वेळ तरी जायचा.

त्या मंगळवारी सात जण आले. सवयीनं तिनं जोड्या पाडल्या, आणि एक विद्यार्थी, ट्रक ड्रायव्हर, एकटा उरला. तो नेहमी उशिराच यायचा. ट्रक कडेला लावून केबिनमधूनच शिकायचा.

सगळे परत आल्यावर ती म्हणाली, "सॉरी हं, तुम्हाला जोडीदार नव्हता."

"होती ना, बाई. मुलगी होती."

"कोण मुलगी?"

"मी विचारला, घरी कोण आहे? ती बोलली, आई आहे, बाबा आहे..."

"आणि?"

"मी आतल्या खोलीत आहे."

मावशीनं मान वळवली. आतल्या खोलीला बाहेरून कडी होती.

पुढच्या वेळी ती मुद्दाम त्याच्या स्क्रीनवरच्या खोलीत शिरली. तो एकटाच होता.

"आत्ता होती, बाई. तुम्ही आला... ती गेली."

तिनं त्याला रेकॉर्डिंग करायला लावलं. त्यात फक्त त्याचा आवाज होता. एक प्रश्न... मग उत्तर मावेल एवढी शांतता... मग त्याचं हसणं.

ठकी माणसांना हसवायचीच.

मावशी ती शांतता पुन्हा पुन्हा ऐकायची. पोटची पोर परक्याशी गप्पा मारते आणि आईच्या कानावर एक शब्द पडत नाही. तिला त्या भल्या माणसाचा हेवा वाटायचा, रागही यायचा.

"तिला सांगा, एकदा माझ्याशी बोल म्हणावं."

"सांगितलं, बाई. प्रयत्न करते म्हणाली."

आठवा विद्यार्थी यायला तयार होता. आठ झाले असते तर सगळ्यांच्या जोड्या लागल्या असत्या. मावशीनं जागा नाही म्हणून कळवून टाकलं. काकांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून वर्गाच्या वेळी त्यांनी भांड्यांना हात लावला नाही.

महिने गेले. ड्रायव्हरची भाषा सुधारली. आणि एक दिवस तो गप्प गप्प परत आला.

"बाई, ती आज अडखळत होती. शब्द आठवत नाहीत म्हणाली."

पुढच्या वेळी शब्द आणखी कमी झाले.

मग नुसतं हो... नाही.

मग तेही नाही.

गेल्या मंगळवारी मी तिथेच होते. काका मावशीच्या खुर्चीमागे उभे होते. ड्रायव्हर परत आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. आता तो अगदी आपल्यासारखं बोलतो.

"बाई, आज तिला काहीच येत नव्हतं. म्हणून मीच तिला शिकवायला बसलो. अगदी सुरुवातीपासून. बाबा, आई..."

"मग?"

"'आई' म्हणायला तिला फार वेळ लागला. पण म्हणाली."

मावशी स्क्रीनजवळ सरकली. "कशी म्हणाली? तशीच म्हणून दाखवा."

तो दाढीवाला माणूस अवघडला. केबिनच्या छताकडे बघितलं त्यानं. मग हळूच म्हणाला,

"आई..."

मावशीनं ओ दिली.

काका भिंतीकडे तोंड करून रडत होते.

परवा पुन्हा मंगळवार आहे. तेवढा एक शब्द तरी ठकीच्या लक्षात राहील का, हे मावशीला विचारायची माझी हिंमत होत नाही.