भैरवकड्यावरचा आवाज

भैरवकड्याच्या पायवाटेला एका बाजूस कातळ आहे, दुसऱ्या बाजूस थेट समुद्र. वाट एका माणसापुरती. म्हणून वळणाआधी साद घालावी आणि पलीकडच्याने ओ द्यावी, ही वाडीची जुनी रीत. त्या सकाळी वत्सलाबाई भाटकर यांनी वळणाअलीकडे थांबून साद घातली. पलीकडून त्यांच्या सुनेने, केतकीने, ओ दिली, पण उशिरा.

“डुलकी लागली होती का सूनबाई?”

“नाही, आई. या. हे पाहा.”

कातळावर सादयंत्राची करडी पेटी होती. तिच्यासमोर मासे पडले होते. काही ताजे, काही उन्हाने वाळलेले. शिवाय एक अर्धा समुद्रसाप. खाली निळ्या पाण्यात डॉल्फिन उसळत होते. दोघींपैकी कुणी तिकडे पाहिले नाही.

यंत्र केतकीनेच घडवले होते. या किनाऱ्यावर समुद्रगरुडांची एकच जोडी उरली होती. ती वाटसरूंना जवळून दिसावी म्हणून यंत्र मादीचा आवाज शिकले आणि रोज सकाळी एकदा साद घालू लागले. काम एवढेच होते. पण नराने उलट हाक मारली आणि पेटी गप्प राहिली, हे वत्सलाबाईंना खपले नाही.

“या वाटेवर ओ न देणाऱ्याला आम्ही उद्धट म्हणतो,” त्यांनी बजावले होते. “यंत्र असले म्हणून काय झाले? त्याला रीत शिकव.”

केतकीने शिकवली. तेव्हापासून नराच्या प्रत्येक हाकेला पेटी उत्तर देत आली होती.

“मादी अंड्यांवर बसली की गप्प राहते, आई,” केतकी म्हणाली. “नर तिला घास आणून देतो. या पेटीने मात्र एकही हाक चुकवली नाही. तो घास इकडेच आणू लागला.”

“आणि ती?”

केतकीने उष्णतादर्शक दुर्बीण त्यांच्या हाती दिली. हिच्यातून ऊब असलेले सारे तांबडे दिसे. समोरच्या बेहड्याच्या झाडावर घरटे होते. त्यातली दोन अंडी कातळाइतकीच निळी दिसत होती.

“उपाशी किती बसणार? काल उडून गेली.”

“मग बंद कर हे.”

“परवा दिवसभर बंद ठेवले होते. तो घरट्याकडे फिरकला नाही. इथेच बसून राहिला. काही खाल्लेही नाही.”

एवढ्यात पंखांची सावली कातळावरून सरकली. नर उतरला. पंजातला मासा त्याने पेटीपुढे ठेवला आणि हाक मारली. पेटी शांत होती. त्याने पुन्हा हाक मारली.

“सकाळपासून बंदच आहे,” केतकी हलक्या आवाजात म्हणाली. “काय करू, सांगा.”

घरात वत्सलाबाईंच्या हुकुमाला कधी वेळ लागला नव्हता. आज लागला.

“चालू कर,” त्या म्हणाल्या. “जगू दे त्याला.”

पेटीतून मादीचा आवाज आला, हुबेहूब. नराने मान झुकवली आणि चोचीने मासा आणखी पुढे सारला.

वत्सलाबाईंनी दुर्बीण परत केली.

“सूनबाई, ती खरी परत आली, तर हा ओळखेल तिला?”