विदूषक आणि अक्षरवाली

माझ्या खोलीचं दार सताड उघडं होतं, आणि माझ्या खुर्चीत एक अर्धवट रंगवलेला माणूस बसून यंत्राचा खाऊ खात होता.

हो, यंत्राचाच! कॉम्प्युटरवर ठेवलेलं कुरकुरीत खाऊचं हिरवं पाकीट. आमच्याकडे दवाखान्यात, बँकेत, जिथे म्हणून यंत्र आहे तिथे ते असतं. पाकीट हिरवंच हवं, तारीख उलटलेली नको, आणि कुणी म्हणजे कुणी ते फोडायचं नाही. मग यंत्र शहाण्या बाळासारखं वागतं. मी तर ते देवाच्या फुलांसारखं बदलत असे. आणि हा बाबा... बोटं चाटत होता!

"अहो! काय करताय हे?"

तो दचकला. नाकावर पांढऱ्या रंगाचा चौकोन, एक भुवई काढलेली, दुसरी अजून काढायची.

"भूक लागली होती," तो ओशाळून म्हणाला. "तुमचं होतं का?"

"माझं नाही. त्याचं होतं!" मी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

त्याने पाकिटाकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, आणि चटकन उभा राहून यंत्रासमोर कमरेत वाकला. "माफी असावी, साहेब. मी खालच्या मंडळीतला विदूषक. आरसा शोधत वर आलो आणि पाप करून बसलो." मग माझ्याकडे वळून हळूच, "काही बोलत नाहीत हो साहेब. फार रागावलेत का, बाई?"

नाटकवाल्यांत आमच्याकडे सगळेच एकमेकांना बाई नाहीतर गुरुजी म्हणतात, अगदी झाडलोट करणाऱ्यालाही. पण तो म्हणाला तेव्हा मला खरंच छडी घ्यावीशी वाटली. हसूही येत होतं... आणि भीतीही वाटत होती.

भीती का, ते सांगते. आमच्या काओशुंग शहराच्या बंदरावर साखरेची जुनी गोदामं आहेत, तिथे आमचं कलाकेंद्र. सगळ्यात मोठ्या गोदामात नाट्यगृह, नाट्यगृहाच्या मागे उंचावर एक काचेची खोली, आणि त्या खोलीत मी, लिएन सिन-रोंग. माझं काम पडद्यावरच्या अक्षरांचं. संगीत नाटकं होतात आमच्या जुन्या बोलीत, जी बाजारात नि देवळात बोलतात. शाळा शिकलेल्या पोरांना ती धड कळत नाही. म्हणून रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना दोन पडदे. नटाने वाक्य टाकलं की मी बटण दाबायचं, की ते वाक्य सगळ्यांना कळेल अशा भाषेत झळकतं. आधी दाबलं तर विनोद फुटतो, उशिरा दाबलं तर विझतो. मागच्या नाटकात माझा हात घाबरून आधीच पडला, आणि 'महाराज गेले!' असं झळकलं. महाराज त्यानंतर चांगले बराच वेळ गात होते.

आमच्या विभागप्रमुख लाय मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "सिन-रोंग, आणखी एक चूक, आणि तुझा करार वाढणार नाही." तेव्हापासून मला भात खातानाही बटण दिसायचं.

आणि आता तर यंत्राचा खाऊही गेला होता.

*

त्याचं नाव जिआन यू-थांग. मंडळी त्याच्या आईची, चिन-चु मावशींची. मावशी स्वतः राजपुत्राचं काम करायच्या. आमच्या नाटकांत देखणे नायक बायकाच होतात. मावशी रंगून उभ्या राहिल्या की भल्याभल्या पोरी वेड्या व्हायच्या. आणि पोटचा पोरगा मात्र विदूषक! या नाटकात तो नावाडी होता, वेष पालटून पळालेल्या राजपुत्राला नदीपार नेणारा.

मंडळीचा सगळा जन्म देवळांपुढच्या मांडवांत गेलेला. आमच्यासारख्या नाट्यगृहात ती पहिल्यांदाच येत होती. पहिल्या तालमीत मी संहिता पुढे घेऊन, बटणावर बोट ठेवून बसले. यू-थांग आला, वल्हं टेकवलं, आणि बोलू लागला. मी संहितेत शोधतेय... पान उलटलं, पुन्हा मागे आले... छे! त्याने संहितेतलं एकही वाक्य म्हटलं नाही.

मी धावतच खाली गेले. "तुम्ही काय बोलत होता?"

"मलाही नीट आठवत नाही," तो हसला. "का, वाईट होतं का?"

"छान होतं! पण ते लिहिलेलं नव्हतं!"

"आमच्याकडे काही लिहीतच नाहीत, बाई. दुपारी आई गोष्ट सांगते, संध्याकाळी आम्ही उभे राहतो. जे सुचेल ते बोलायचं. मांडवात माणूस नसलं तरी समोर देव बसलेला असतो. त्याला कुठे अक्षरं लागतात?"

"इथे देव नाही," मी म्हटलं. "इथे लाय मॅडम आहेत."

तो पोट धरून हसला. मला मात्र रडू फुटलं. अगदी मूर्खासारखं, वल्ह्याच्या बाजूला उभं राहून. महाराजांची गोष्ट, कराराची गोष्ट, सगळं एका दमात बाहेर आलं. तो हसायचा थांबला.

"मला पाठांतर येत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "पण तुम्ही करून घ्याल... तर करीन."

मग रोज दुपारी गोदामाच्या मागच्या पायऱ्यांवर आमची शाळा भरू लागली. मी वाक्य वाचायची, तो म्हणायचा. मध्ये पपईच्या दुधाचा एकच मोठा पेला. दोन का नाही आणत, असं मी विचारलं तर म्हणाला, "दोन आणले की तुम्ही आपला पेला घेऊन पायरीच्या त्या टोकाला बसता." मी पायरीच्या या टोकाला सरकले.

दुपारच्या सरी यायच्या तेव्हा पत्र्यावर असा काही आवाज व्हायचा, की एकमेकांच्या कानाशी तोंड न्यावं लागे.

"मला एक सुरई दारू द्या, महाराज!" मी त्याच्या कानात ओरडायची.

"द्या ना, बाई, मी कुठे नको म्हणतोय?"

"हे तुमचं वाक्य आहे! पार पोचल्यावर राजपुत्र विचारतो, नावाड्या, काय हवं? तेव्हाचं!"

"मला राजपुत्राने विचारलं तर मी दारू नाही मागणार."

"मग काय मागाल?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. पावसाचे थेंब त्याच्या भुवईवर... मी घाईघाईने पान उलटलं. छातीत असं धडधडत होतं, जणू समोर सगळं नाट्यगृह भरलंय आणि पुढची ओळ मला सापडत नाहीये. खरं सांगायचं तर मला तो आवडायला लागला होता. आणि आवडायला लागल्यावर माझी काळजी दुप्पट झाली, कारण आता प्रयोगाची भीती होतीच, वर प्रयोग संपण्याचीही भीती. रविवारचा प्रयोग झाला की मंडळी ट्रकमध्ये पेट्या भरून निघून जाणार होती.

*

शनिवारचा प्रयोग. यू-थांगने एकूण एक वाक्य छापल्यासारखं म्हटलं. दर वाक्याआधी त्याची नजर क्षणभर वर काचेकडे यायची, मी मान हलवायची, तो बोलायचा, मी दाबायची. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. लाय मॅडम येऊन माझ्या खांद्यावर थोपटून गेल्या.

पण नाट्यगृहात कुणी हसलं नाही. एकदाही नाही! पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या चुळबुळत होत्या. तो वल्हं मारत होता, उड्या मारत होता, आणि लोक पडदा वाचत होते. मी काचेतून बघत होते आणि माझा जीव तुटत होता. माझी ओळ चुकू नये म्हणून या माणसाचं बोलणंच मेलं होतं.

रविवारी प्रयोगाआधी चिन-चु मावशी जिना चढून वर आल्या. राजपुत्राचा पूर्ण वेष, हातात पंखा. इतक्या देखण्या, की मी गोंधळून उभी राहिले, आणि मग आठवलं, ही त्याची आई.

"तूच का ती अक्षरवाली?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काय केलंस गं माझ्या पोराला? काल मी त्याला चिमटा काढला, मुद्दाम वेगळं वाक्य टाकलं, तरी हा आपला पोपट! विचारलं तर म्हणतो, आई, वर ती एकटी असते, तिची धांदल उडते. सगळा जन्म मी मांडवात काढला, पण माझ्या धांदलीची या पठ्ठ्याला कधी काळजी वाटली नाही!"

माझे कान तापले. मावशींनी पंखा मिटला. आवाज खाली आला.

"लोक हसले नाहीत, तर आम्हाला इथे पुन्हा कोण बोलावणार, पोरी? देवळांपुढचे मांडवही आता कमी होत चाललेत."

त्या उतरून गेल्या. मी यंत्रापुढे बसले, उठले, पुन्हा बसले. मग जिना उतरून विंगेत गेले. तो कोपऱ्यात संहिता घेऊन पुटपुटत होता. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"आज सुचेल ते बोला."

"आणि तुमची नोकरी?"

"मी ऐकून तिथल्या तिथे लिहीन. माझी आई मासळीबाजारात मासे विकते. तुमची बोली मला तुमच्याइतकीच येते. फक्त तोंड उघडायची भीती वाटते."

"आणि मी सुटलो, तुम्हाला सापडलोच नाही तर?"

"सापडाल. मी सारखी तुमच्याकडेच बघत असते." आणि मग जीभ चावून, "म्हणजे... कामासाठी."

"हो, हो," तो डोळे मिचकावत म्हणाला. "कामासाठीच."

*

पडदा उघडला. बाहेर पाऊस कोसळत होता.

तो आला, वल्हं टेकवलं, आणि सुटला! पावसावर बोलला, बंदरावर बोलला, पुढच्या रांगेतल्या म्हातारीच्या छत्रीवर बोलला. म्हातारी फिदीफिदी हसली. माझी बोटं पळत होती. अर्धं वाक्य पोचायचं, अर्धं हवेत राहायचं, एकदा तर 'छत्री'ऐवजी भलतंच काहीतरी उमटलं, आणि त्याने खालून ते वाचून त्यावरही विनोद केला. सगळं नाट्यगृह खदाखदा हसत होतं. मी त्याला सोडलं नाही.

नदी पार झाली. राजपुत्राने पंखा उघडला. "नावाड्या, माग. काय हवं तुला?"

दारूची सुरई. निदान इथे तरी तो ठरलेलं बोलेल, असं मला वाटलं. माझं बोट बटणावर गेलं.

"महाराज," तो म्हणाला, "दारू नको. त्या तिकडे वर, काचेच्या खोलीत एक मुलगी बसते. मी काहीही बरळलो तरी ती ते नीटनेटकं करून लोकांपुढे मांडते. माझ्यापायी तिची झोप उडालीय. महाराज, मला ती आवडते. आज आमच्या पेट्या भरणार, म्हणून आजच विचारतो... ए अक्षरवाली, तुला काय वाटतं गं?"

पहिल्यांदाच मला त्याने अगं-तुगं केलं, आणि तेही एवढ्या माणसांसमोर.

माझी बोटं गोठली. पडदा कोरा.

म्हाताऱ्यांना सगळं कळलं होतं. त्या टाळ्या पिटत मागे वळल्या. तरुण मंडळी पडद्याकडे बघतायत, तर तिथे काहीच नाही. "काय म्हणाला? आजी, काय म्हणाला तो?" मग आज्या सांगू लागल्या. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत कुजबुज सरकत गेली, तसतसं हसू सरकत गेलं, माना वर वळत गेल्या. सगळं गोदाम माझ्या काचेकडे बघत होतं. आणि खाली तो, हातात वल्हं, नाकावर पांढरा चौकोन, आणि डोळ्यांत माझ्यापेक्षाही जास्त भीती. तो घाबरलाय, हे बघून मला इतकं भरून आलं...

धाडकन दार उघडलं. लाय मॅडम!

"सिन-रोंग! पडदा कोरा आहे! काहीतरी टाक!"

"काय टाकू, मॅडम?"

"काहीही! पण टाक!"

मी टाकलं.

दोन्ही पडद्यांवर मोठ्या अक्षरांत झळकलं, 'मलाही तू आवडतोस.'

गोदामाचा पत्रा उडतोय की काय, असा आवाज झाला. म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. राजपुत्र पंख्याआड तोंड लपवून हसत होता की रडत होता, देव जाणे.

लाय मॅडम काचेला नाक लावून पडदा वाचत होत्या. मग भुवया आक्रसून वळल्या.

"हे कोण बोललं? रंगमंचावर तर कुणीच बोललं नाही."

"मी बोलले, मॅडम," मी म्हटलं. तोंड उघडून, मोठ्याने म्हटलं.

"उद्या सकाळी मला येऊन भेट," त्या म्हणाल्या. "आता पुढची ओळ सांभाळ."

मी बोटं यंत्रावर ठेवली. पण पुढची ओळ येईचना. त्याच्या आईने पंख्याने दोनदा ढोसलं, तरी आमचा विदूषक तोंड उघडं टाकून वर बघत उभा होता.