पातळ काचेतली चेंगराचेंगरी

गाडीची जुनी काच चौदा किलोंची आणि नवी जेमतेम आठ. जाडीलाही जवळपास निम्मीच. तरी नाना म्हणत होते, हीच जास्त मजबूत! अकरा वर्षांच्या ऋजुताला हे काही केल्या पटेना.

साल होतं २०४३. पन्हाळ्याच्या घाटशर्यतीला दोन तास उरले होते आणि कोल्हापूरच्या गॅरेजात दस्तगीरचाचा हेल्मेट पुसत बसले होते. त्यांची स्पोर्ट्स कार चाळीस वर्षांची. पेट्रोलचं इंजिन काढून बॅटरी बसवल्यापासून ती फार जड झाली होती, म्हणून ऋजुताच्या आजोबांनी, म्हणजे काचशास्त्रज्ञ नानांनी, तिला समोरची हलकी काच करून दिली होती. पुढच्या महिन्यात चाचा साठ वर्षांचे होणार होते आणि साठीनंतर शर्यतीत गाडी चालवता येत नसे. आज नाही तर कधीच नाही.

"नाना, पातळ काच मजबूत कशी?"

"काच फुटते ती पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यापासून. ताण पडला की तो उघडतो आणि आत पळत सुटतो. म्हणून आपण काच वितळलेल्या सोऱ्यात (पोटॅशियमच्या एका क्षारात) सोळा तास बुडवली. काचेतले सोडियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) बाहेर पडले, त्यांच्या जागी पोटॅशियमचे घुसले. ते अंगाने मोठे. बालवाडीच्या बाकावर पैलवान बसवले तर काय होईल?"

"चेंगराचेंगरी!"

"तीच हवी. पृष्ठभाग असा दाबलेला असला की ओरखड्याला उघडायला वावच मिळत नाही. अशा दोन काचा आणि मध्ये चिवट पारदर्शक पापुद्रा."

"दाबलेला थर केवढा असतो?"

"केसाच्या निम्मा. ओरखडा त्याच्याखाली गेला, तर मात्र धडगत नाही."

ऋजुताने काचेकडे पाहिलं. काल तिने काच कापायच्या हिरकणीने खालच्या कोपऱ्यात 'अंबाबाई प्रसन्न' कोरलं होतं. कोल्हापुरात तेवढं लिहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर येते का? चाचा सुखरूप वर पोचावेत, एवढंच तिच्या मनात होतं.

सांगितलं तर चाचांची शेवटची शर्यत जाणार होती. आणि नाही सांगितलं तर?

"नाना, मी काच कोरलीय," ती रडतच म्हणाली.

नानांनी भिंगातून अक्षरं पाहिली. मग त्यांनी पोलादी गोळी घेतली आणि हात उंच करून काचेच्या मधोमध सोडली. टण्ण! गोळी उडाली, काचेला काही झालं नाही. नंतर त्यांनी ती तेवढ्याच उंचीवरून कोपऱ्यातल्या अक्षरांवर सोडली. सर्रकन एक तडा चालकाच्या डोळ्यांसमोरून आरपार गेला.

जुनी काच परत गाडीला चिकटवली तर डिंक सुकायला अख्खा दिवस लागणार होता. म्हणजे शर्यत संपलीच होती.

चाचांनी तड्यावरून बोट फिरवलं. "ह्याच्यामागं माझं डोस्कं असतं," ते हळूच म्हणाले. "रडू नगंस पोरी. देवीचंच नाव लिवलंस, आन् टायमावर बोललीस. लई झालं."

पण हेल्मेट त्यांनी पुन्हा एकदा पुसलं आणि मगच पिशवीत ठेवलं. ऋजुताला ते बघवलं नाही.

पंधरा दिवसांनी दुसरी काच सोऱ्यात उतरली. या वेळी चाचा भट्टीशेजारी खुर्ची टाकूनच बसले. ऋजुताशिवाय कुणाला जवळ येऊ देईनात. तापमान वहीत लिहायचं काम ऋजुताकडे होतं.

"चाचा, पण पुढच्या वर्षी शर्यतीत गाडी चालवणार कोण?"

"आमची रुखसार. माझ्यापरीस जोरात चालवती," चाचा लेकीचं नाव घेऊन म्हणाले. "आन् मी तिच्या शेजारी बसून वळणं सांगणार. त्या शीटला वयाची अट न्हाई, नियम वाचून आलोय मी!"