वीणेचा पहारा

या मायबापहो, असे पुढं सरका, सतरंजीवर जागा आहे. नेकनूरच्या छबुबाईंची गोष्ट सांगतो. कीर्तनाला बसता तसं चित्त देऊन ऐका.

छबुबाईंचे कान शाबूत होते. अंगणात चिमणी उतरली तरी त्यांना कळायचं. सून स्वप्नाचेही कान चांगलेच, तरी ती टीव्हीवर मालिका बघताना खाली बोलण्याची अक्षरं लावून बसे. "भयरी झालीस का गं? वाचतीस कावून?" असं त्या चिडवत. स्वप्ना हसून सांगायची की संगीत मोठं असतं, माणसं पुटपुटतात, वर पंखा घरघरतो. अक्षरं असली की मन पळत नाही.

छबुबाईंना ते पटलं ते कीर्तनावरून. टाळमृदंगाच्या गजरात अभंगाचा शब्द कुठं सुटा ऐकू येतो? पण तो आधीच पाठ असतो, म्हणून कानाला सापडतो. डोळ्यानं वाचलेलंही तसंच असणार. मग त्याही अक्षरं लावू लागल्या.

त्यांना खरं तर एकच गोष्ट ऐकायची होती. गावच्या मागच्या हरिनाम सप्ताहात त्यांचे मालक, रामकिसनआबा, गळ्यात वीणा घालून पहाऱ्याला उभे होते. सप्ताहात वीणा भुईला टेकत नाही. पुढचा वीणेकरी येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि ती गळ्यातून गळ्यात जाते. शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाच्या गर्दीत आबांना भोवळ आली. पुढचा पहारा ज्याचा होता त्या भागवतनं घाईघाईत वीणा काढून मारुतीच्या देवळातल्या खुंटीला अडकवली आणि सगळे आबांना घेऊन बीडकडं निघाले. आबा वाटेतच गेले.

त्या कीर्तनाचा व्हिडिओ होता. त्यात एके ठिकाणी बुवा हात वर करतात, टाळ थांबतात आणि मागं उभ्या आबांचे ओठ हलतात. आवाज मात्र मांडवाच्या फडफडत्या कापडाचा. छबुबाईंना वाटे, आपलंच नाव घेतलं असेल. तेवढं कळलं की पुरे.

एका सकाळी स्वप्नानं त्यावरही अक्षरं लावली. बुवांचं निरूपण ओळीनं उमटत गेलं. टाळ थांबले. खाली आलं, "पहारा झाला. कुणी घेता का?"

स्वप्ना म्हणाली, मशीनच ते, काहीबाही लिहितंय.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी वेगळी ओळ आली. "हात भरून आले."

स्वप्नानं पंखा बंद केला. आवाज तोच, मांडवाचा. आबांचे ओठ मात्र अक्षरांबरहुकूम हलत होते.

छबुबाई उठल्या. भर दुपारचं देऊळ रिकामं होतं. खुंटीपुढं वाकून त्यांनी भुईला हात लावला.

"द्या इकडं. लई उभं राहिलात."

वीणा हातात येताना जराशी ओढ बसली, कुणी जपून सोडावी तशी. पट्टा घामानं ओला होता.

त्या उभ्या राहिल्या. नामात चित्त निवलं. मग घरची कामं आठवली. वीणा घ्यायला तिथं दुसरं कुणीच नव्हतं. त्यांनी ती परत खुंटीला अडकवली आणि घरी आल्या.

स्वप्नानं व्हिडिओ लावला. आबा होते तिथंच उभे होते, पण गळा मोकळा होता. चेहरा निवांत.

टाळ थांबले.

"छबू, तुझ्याकडनं कुणी घेतली?"

तेव्हापासून छबुबाई ओट्यावर उभ्याच आहेत. भागवत आता रोज त्यांच्या दारात जातो. पाया पडतो, वीणा घ्यायला हात पुढं करतो. त्याच्या हातात काही येत नाही.

मायबापहो, नेकनूरला गेलात आणि ओट्यावर एक म्हातारी रिकामे हात छातीशी धरून उभी दिसली, तर तिला बसा म्हणू नका. नाम घेताना तेवढी तिची आठवण ठेवा.