खालची सही

हुडकेश्वरच्या एका नर्सिंग होममध्ये मी भूल देते. 'वेदनारहित बाळंतपण' असा भलामोठा बोर्ड दारातच आहे, दिव्यांसकट. आत मात्र नियम असा, की कंबरेत भुलीची सुई द्यायची तर संमतीच्या कागदावर बाईच्या सहीखाली सासरच्या कुणाची तरी सही हवी. कायद्यात असं काही नाही. नंतर भांडणं नकोत म्हणून आम्हीच लावून घेतलंय.

गोपिका सावनेरहून आली. पहिलटकरीण, दुपारचे दोन, कळा जोरात. "द्या मॅडम, सहन नाही होऊन राहिलं," म्हणत तिनं सही केली. खालची ओळ तिच्या सासूनं, इंदूबाईंनी, कोरी ठेवली.

"कंबरेत अफूचं औषध? मले कोणी देलं होतं? तीन लेकरं झाले मले."

"अगदी थोडं असतं. बाळाला जपूनच देतो आम्ही."

"सोसू द्या तिले."

नवरा, अंकुश, मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "आई म्हणते तसं करा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंबर हिची, कळा हिच्या आणि परवानगी भलत्याचीच! हे सगळं मी मनातल्या मनात म्हटलं. मग सुईचा ट्रे झाकला आणि बाहेर आले.

दहा मिनिटांनी आतलं ओरडणं एकदम थांबलं. मी धावले. गोपिका कुशीवर पडून निवांत पाणी पीत होती. मॉनिटरवर कळेची रेघ चढत होती, पोट दगडासारखं कडक झालं होतं.

"दुखत नाही?"

"नाही."

तिची पाठ पाहिली. सुईची खूण नव्हती.

रेघ टोकाला पोचली आणि बाहेर इंदूबाई किंचाळल्या. रेघ उतरली, त्या गप्प झाल्या. पुढच्या कळेला अंकुश गुडघ्यांवर आला. दोघांना तपासलं. काही सापडलं नाही.

इंदूबाईंनी माझं मनगट धरलं. "मले द्या ना सुई, मॅडम. सही करून देतो मी."

पावणेचारला मुलगी झाली. बाहेर दोघं घामानं भिजून बाकावर पडले होते. खरं सांगते, मला बरं वाटलं. चांगली अद्दल घडली.

सिस्टरनं गोपिकाच्या पोटावरचा, कळा मोजणारा मॉनिटरचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला.

"मॅडम," गोपिका शांतपणे म्हणाली, "मी तं सही केली होती ना? मंग तुम्ही काहून नाही देलं?"



पट्टा टेबलावर नुसता पडला होता. पडद्यावरची रेघ हळूहळू चढायला लागली.

मी पलंगाची दांडी घट्ट धरली.