कसारा घाटातली फटफटी

घाटातून परतताना खर्डीच्या पुढे एस.टी. बंद पडली, तेव्हा हेमाच्या मांडीवर वर्तमानपत्रात दाबलेली रानफुलं होती आणि शेजारी मंदाआत्या. बॉटनीच्या शेवटच्या वर्षासाठी हेमाला कसारा घाटातली झाडंपानं गोळा करायची होती. तरण्या मुलीला एकटीला रानात कसं सोडायचं, म्हणून अण्णांनी आपली बहीण सोबत दिली होती. सन चोपन्नचा आश्विन. पाऊस सरलेला, डोंगरावरचं गवत नुकतं पिवळं पडू लागलेलं...

तेवढ्यात एक फटफटी येऊन थांबली. लष्कराची जुनी, बाजूला साइडकार.

"ठाण्याला चाललोय," चालवणारा तरुण गॉगल कपाळावर सारत म्हणाला. "दोघींना जागा आहे."

"आम्ही अनोळखी माणसाबरोबर—" हेमा म्हणेपर्यंत आत्या साइडकारमध्ये बसलीसुद्धा!

त्याचं नाव विश्राम. ठाण्यातल्या नौपाड्यात राहायचा, एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता आणि दर रविवारी घाटात भटकायचा. ठाण्यातच कोपरीला हेमाच्या घरापाशी उतरताना आत्याने सरळ विचारलं, "पुढच्या रविवारी कितीला निघायचं?"

मग रविवार सुरू झाले. हेमा मागे एका अंगाने बसायची, आत्या साइडकारमध्ये. तेरड्याने गुलाबी झालेले उतार, सोनकीने पिवळे झालेले कडे आणि कानात भरणारा गार वारा. विश्राम पावलापावलावर गाडी थांबवायचा.

"हे चालेल?"

"अहो, टाकळा आहे तो! आमच्या परसात उगवतो."

"असू दे. तुम्ही नीट बघा. सावकाश... मला घाई नाही."

हेमा टाकळ्यावर वाकायची आणि हसू दाबायची.

चौथ्या रविवारी ती म्हणाली, "मला चालवायला शिकवा."

"साडीत?"

पाचव्या रविवारी ती आत्याचं नऊवारी लुगडं नेसून, कासोटा घट्ट मारून हजर! विश्राम बघतच राहिला. शहापूरच्या पुढे सरळ रस्त्यावर तिने गाडी दोनदा बंद पाडली, तिसऱ्यांदा पळवली. घाट आला तरी हँडल काही सोडलं नाही. विश्राम मागे अंग चोरून बसला होता.

"पुढच्या रविवारी मी नाही," समोर बघत हेमा म्हणाली. "पुण्याचं स्थळ आहे. बघायला येणार आहेत."

एक वळण गेलं, दुसरं गेलं. मघापर्यंत 'क्लच... हळू... शाब्बास' म्हणणारा माणूस मुका झाला होता.

हेमाने कडेला गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्ही बोलल्याशिवाय गाडी हलणार नाही."

"मी काय—" त्याने साइडकारकडे बघितलं. आत्या दरीकडे तोंड करून, जणू बहिरी.

"हेमा, माझी खोली एवढीशी आहे. नोकरी बेताची... आणि तुमचे अण्णा—"

"अण्णांचं नाही विचारलं."

तो खाली उतरला, तिच्यासमोर उभा राहिला. कान लालबुंद झाले होते.

"मला फुलातलं ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "तुम्ही बघत राहावं म्हणून थांबायचो. जन्मभर थांबेन... पुण्याला जाऊ नका."

हेमाने होकारार्थी मान हलवली आणि कपाळावर चढवलेला त्याचा गॉगल झटकन डोळ्यांवर ओढला.

"झालं एकदाचं!" साइडकारमधून आवाज आला. "चला आता. पाय आखडले माझे."

ठाण्यात शिरताना विश्राम म्हणाला, "आता मी घेतो. लोक बघतील."

"भिताय?"

"...चालवा."

फटफटी थेट दारात थांबली. ओटीवर अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"मंदे! चालवतंय कोण हे?"

आत्या उतरली, पदर सावरला.

"तुझी लेक. आणि मागे बसलाय तो तुझा जावई. आधी चहा सांग, अण्णा. मग काय रागवायचं ते रागव."