दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं

डबा घेऊन वच्छला गांधीबागेतल्या कापडाच्या गोदामात शिरली आणि समोर बघते तर काय — मुनीम असलेले तिचे बाबा चहाला गेलेले, आणि लठ्ठ्याच्या थप्प्यांमध्ये एक कुरळ्या केसांचा पोरगा हार्मोनियम घेऊन गातोय! कापडात आवाज घुमत नाही, म्हणून त्या पोराने, बळीरामने, गाणी टेप करायला दर रविवारपुरतं गोदाम बाबांकडून मागून घेतलं होतं. गाणं त्याचं, चालही त्याचीच. त्याने डोळे उघडले, वच्छला दिसली... आणि पुढची ओळ पार उडाली.

"काहून थांबला गा? म्हन ना पुढं!" ती बोलून गेली.

टेप चालूच होता.

"तुमचा आवाज पुसून टाकतो जी," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला.

"पुसाच! आमचे बाबा लय कडक हायेत."

"आन् नाही पुसला तर?"

"तर... तुमचं तुम्ही पाहा!" हसू दाबत ती पळाली.

मग दर रविवारी डबा घेऊन तीच येऊ लागली. डबाही हळूहळू दोघांना पुरेल एवढा झाला. लेक आपली किती काळजी घेते, असं बाबांना वाटे.

दिवाळीला बळीरामची कॅसेट आली आणि नागपूरला वेड लागलं. सदर बाजारातल्या दुकानांत, पानठेल्यांवर एकच फर्माईश — दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं. त्यात मध्येच एक पोरगी बोलते ना, ते! रिक्षावाले चौकात एकमेकांवर ओरडू लागले, "काहून थांबला गा?"

वच्छलेचा जीव टांगणीला लागला.

"पुसतो म्हनलं होतं ना? बाबांनी ओळखलं तर माह्यं कॉलेज बंद, तुमची भेटही बंद!"

"पुसाले बसलो होतो वं... पन तेवढंच पुन्हा पुन्हा आयकत राहिलो. त्यांनी ओळखाच्या आधी मीच येतो सांगाले."

आला खरा घरी, इस्त्रीचा शर्ट घालून.

"काकाजी, तुमच्या... वच्छलेले मी..." आणि गाडी अडकली.

दाराआड पदराचं टोक चावत उभ्या वच्छलेला बाबांची फक्त पाठ दिसत होती, आणि पाठीवरून काही कळेना. मग ती पाठ हसण्याने गदगदू लागली.

"काहून थांबला गा?" बाबा म्हणाले. "म्हन ना पुढं!"

बळीरामने मग सगळं सांगितलं. या वेळी तो एक शब्दही विसरला नाही.